आधी घरचं

मुलांनो, हे मी मराठीत लिहिते आहे. तुमच्या आईला ते वाचून दाखवावं लागेल. ती कामावरून दमून येते, तेव्हा एका बैठकीत होणार नाही आणि मध्येच तुम्हाला झोप येईल. हरकत नाही. इंग्रजी मी नंतर करून पाठवीन. हा उलटा उद्योग कशासाठी, ते पुढे कळेल.

गुरुजी तुम्हाला आठवतात का? तुम्ही नागावला आजीकडे आलात त्या मे महिन्यात एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ खांद्यावर फणस घेऊन फाटकाशी उभे होते. मी झाडांना पाणी घालत होते. ते होईपर्यंत गुरुजी आत आले नाहीत. हातातलं काम टाकून कोणी आपलं स्वागत करावं, हे त्यांना पसंत नसे. मी नळ बंद केल्यावर आले, फणस ओट्यावर ठेवला आणि ईराला विचारलं, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?"

ईरा म्हणाली, "जॅकफ्रूट."

माझा चेहरा पडला. आता हे काहीतरी सुनावणार, असं वाटलं. ते म्हणाले, "बरं. तुझ्या घरी ते जॅकफ्रूट. आता माझ्या घरी काय म्हणतात ते ऐक." मग हातांना तेल लावून त्यांनी फणस फोडला आणि गरा, आठळी, चीक असं एकेक तुम्हाला हातात देत सांगितलं. अन्वयच्या शर्टाला लागलेला चीक काही निघाला नाही. तो शर्ट अजून माझ्या कपाटात आहे.

आधी घरचं, हा त्यांचा नियम होता. कोणालाही काही सांगायचं असेल तर त्याने ते आधी आपल्या घरच्या बोलीत सांगावं, मग पुस्तकातल्या मराठीत, मग हवं तर इंग्रजीत. घरची बोली गुरुजींना येत नसली तरी चालत असे. ते मान हलवत पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, "छान. आता मला कळेल असं सांगा."

हे फक्त मुलांपुरतं नव्हतं. एकदा बँकेत त्यांच्याबरोबर मीही होते. खिडकीपलीकडे ओडिशाकडचा एक तरुण अधिकारी नुकताच बदलून आला होता आणि हिंदीत तुटक तुटक, वैतागून बोलत होता. गुरुजी म्हणाले, "साहेब, आधी तुमच्या भाषेत सांगा." तो आधी चिडला. मग इकडेतिकडे बघून त्याने खरंच आपल्या भाषेत सगळं सांगितलं. मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी ओरडलं, "काका, लग्न जमवताय का त्याचं?" गुरुजी हलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बघितलंत? आधी म्हणत होता, इधर साइन करो. आपल्या भाषेत बोलून झाल्यावर म्हणाला, बैठिए. घरच्या भाषेत माणसाला फार वेळ मोठं होऊन बोलता येत नाही."

मला त्यांचं हे सगळंच पटत होतं असं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी नन्सच्या शाळेत शिकले. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या आहेत. गुरुजींनी एकदा चहाला आले असताना त्या वाचल्या आणि विचारलं, "बाई, टर्मरिक म्हटल्यावर हळदीला कळतं का?" मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

चौलच्या अलीकडे, खाडीकाठच्या खाजणाच्या कडेला जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती. गुरुजी तिथे मुख्याध्यापक, आणि शिक्षकही तेवढे एकच. वर्गात एकच खुर्ची होती. तिच्यावर ते कधी बसले नाहीत. ती पाहुण्याची खुर्ची. रोज गावातलं कोणीतरी मोठं माणूस तिच्यावर बसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. कोणाचा आजा, कोणाची मावशी, कोणीही. रस्त्याने जाणाऱ्या म्हावरेवालीला त्यांनी टोपलीसकट आत आणल्याचं मी पाहिलं आहे.

"गुरजी, माजं म्हावरं खराब व्हईल, सोरा मना!"

"एकच मासा दाखव आणि जा."

तिने बोंबील वर धरला. मुलांनी घरचं नाव सांगितलं, पुस्तकातलं सांगितलं, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बॉम्बे डक." डक म्हणजे काय ते मुलांनीच तिला सांगितलं.

"बदक?" ती म्हणाली. "याला बदक बोलतात? कोन बोल्ला?" ती इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. मग आपणहून आणखी थोडा वेळ बसली.

मी त्या वर्गात कशी आले, ते सांगायचं राहिलं.

गावातली मुलं इंग्रजी शाळेत जाऊ लागली होती. पिवळी बस नाक्यापर्यंत येत असे. आईबाप टाय बांधून पोरांना तिच्यात बसवत आणि बस वळेपर्यंत हात हलवत. गुरुजींचा पट दर जूनला उतरत होता. तो आणखी उतरला तर शाळा बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्या मुलांना त्याने फार फरक पडला नसता. फरक पडणार होता तो बारकीला.

बारकी टेकडीखालच्या कातकरी वाडीतली. त्या वाडीतलं मूल शाळेत टिकलं असं कोणाला आठवत नव्हतं. दिवाळी झाली की माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जात आणि पोरं त्यांच्याबरोबर. बारकी पहिलीत आली तेव्हा बोलतच नव्हती. तिची भाषा गुरुजींना येत नव्हती, त्यांची तिला येत नव्हती. त्यांनी तिच्या आजीला आणून खुर्चीवर बसवलं आणि बारकीला सांगितलं, "आता तू मला शिकव." पानाला काय म्हणतात, पाण्याला काय, पायाला काय. चुकले की बारकी हसायची. हसता हसता बोलायला लागली. पुढच्या दिवाळीला आईबाप भट्टीवर गेले तेव्हा ती आजीजवळ राहिली, कारण तिला शाळा होती. मी तिला पाहिलं तेव्हा ती तिसरीत होती आणि भिंतीवरची लसीकरणाची पाटीसुद्धा मोठ्याने वाचत सुटायची.

दुसरी शाळा खाडीच्या पुलापलीकडे, मोठ्या रस्त्याला. "ही शाळा गेली की बारकी गेली," गुरुजी म्हणत. एवढंच म्हणत. त्यावर भाषण करत नसत.

तर एका दुपारी ते फाटकाशी आले. माझं पाणी घालणं संपल्यावर आत येऊन म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी उसनं हवं आहे. गावातल्यांना इंग्रजीच पाहिजे ना? आपण इथेच देऊ. चांगलं देऊ. मग पोरं कशाला हलवतील?"

मी हो म्हणाले. माझ्या अटी घातल्या. वेळापत्रक पाळायचं, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, नुसतं "यस" आणि "नो" चालणार नाही. त्यांची अट एकच होती. तुम्हाला ती माहीत आहे.

वर्गात फार गोंगाट व्हायचा. प्रत्येक गोष्ट तीनदा. मी म्हटलं, "गुरुजी, आम्हाला नन्सनी पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजीत बोलायला लावलं. शिकलोच ना आम्ही?"

"शिकलात. उत्तम शिकलात," ते म्हणाले. "घरी आल्यावर शाळेत काय झालं ते आईला सांगत होतात का?"

मी आठवून पाहिलं. सांगत नव्हते. माझी आई चौथी शिकलेली होती. ती पोळ्या लाटत असायची आणि मी शेजारी बसून धडे पाठ करायची. तिने काही विचारल्याचं मला आठवत नाही. हे मी गुरुजींना सांगितलं नाही. पण त्यानंतर तीनदा म्हणण्यावरून कुरकुरही केली नाही.

आणि मुलं बोलायला लागली. हे मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून सांगते, कौतुक म्हणून नाही. आधी घरी काय झालं ते आपल्या बोलीत भडाभडा सांगायचं, मग तेच मराठीत नीट लावायचं, मग इंग्रजीत. तिसऱ्या वेळेपर्यंत सांगायचं काय हे पक्कं झालेलं असे. शब्द तेवढे शोधायचे राहत. पिवळ्या बसमधली मुलं "ट्विंकल ट्विंकल" सुरेख म्हणत. आमची मुलं काल बोकडाने काय केलं ते इंग्रजीत सांगत.

हे गावाला कळावं म्हणून जानेवारीत स्नेहसंमेलन ठरलं. मांडव, लाऊडस्पीकर, खुर्च्या. सरपंच येणार होते. बंदरावर ट्रेलर चालवणारा हरेश येणार होता. त्याची तीन मुलं शाळेत होती. ती राहिली तर शाळा राहणार, असा हिशेब होता, कारण त्याच्या मागे आणखी चार घरं होती.

मी गुरुजींना आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या फक्त इंग्रजी. लोकांना तेच ऐकायचं आहे."

"नुसतं इंग्रजी ऐकून पोर काय म्हणतंय ते बापाला कसं कळणार, बाई?"

"कळायला नकोच आहे. अभिमान वाटायला हवा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी परक्या भाषेत बोलले, असं. मग म्हणाले, "कळल्याशिवाय अभिमान कसला? आपल्या घरातली गोष्ट, आपल्या तोंडची, आणि पोर ती साहेबाच्या भाषेपर्यंत नेतंय. बाप उड्या मारील."

हे ते मनापासून मानत होते.

पहिली आली हरेशची मोठी मुलगी. नवा फ्रॉक, वेणीला गजरा. तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "माजा बापूस टेलर चालवतं. घरान आला का पयला मना हाक मारतं."

मांडव हसला. ते हसणं चांगलं होतं. मग ती तेच मराठीत बोलली, आणि मग इंग्रजीत, एकही चूक न करता. मी हळूच टाळी वाजवली. पण दुसरा मुलगा आला, तिसरी आली, आणि लाऊडस्पीकरवरून सगळ्या गावावर घराघरातली बोली घुमत राहिली, तशी हसण्याची जात बदलली. शहरातून आलेले कोणाचे पाहुणे मोबाइलवर चित्रण करत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "एकदम गावठी! परत बोलायला लाव तिला." इंग्रजीची वेळ येईपर्यंत ऐकायला कोणी थांबत नव्हतं.

हरेश उठून उभा राहिला.

"गुरजी, यो तं पोरां घरान पन बोलतात. यो आयकाला आमी खुर्च्यांवर बसलो काय? इंग्लीस आयकाला बोलावलात, का आमचीच थट्टा कराला?"

गुरुजी म्हणाले, "हरेश, पुढचं ऐक ना. इंग्रजीच आहे पुढे."

"पुरं झाला." त्याने मुलांना हाताला धरलं. मी त्याच्यामागे मांडवाबाहेर गेले. माझ्याशी तो नीट बोलला. माझ्याशी सगळे नीटच बोलतात. "बाई, तुमी नका वाईट वाटून घेव. मी बंदरावर गेटवर उभा ऱ्हातो. तोंड उघारलं का ती लोकां हसतात. दिवसभर हसू झेलतो. माज्या पोरांनी मायकावर तोच हसू झेलायचा? मंग मी इकरं राबतो कंला?"

  तो काही चुकीचं बोलत नव्हता आणि गुरुजीही चुकीचं बोलत नव्हते. मधे मुलगी गजरा सावरत उभी होती. एवढं चांगलं बोलून आपण काय केलं, हे तिला समजत नव्हतं.

मी परत आले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत होत्या. सरपंचांना दुसरीकडे जायचं होतं. यादीत शेवटचं नाव बारकीचं होतं. ती माइकसमोर आली आणि रिकाम्या होणाऱ्या मांडवाला तिने आधी तिच्या भाषेत सांगितलं, मग मराठीत, मग इंग्रजीत, की माझी आजी चिंबोरी, म्हणजे खेकडा, उजव्या हाताने पकडते, कारण डाव्या हाताला एकदा चावली आहे. मागे तिची आजी उभी होती. तिला खुर्ची दिली तरी ती बसली नव्हती. गुरुजींनी तिन्ही वेळा मान हलवत पूर्ण ऐकलं.

त्या दिवशी ते मला घरी सोडायला आले तेव्हा मी विचारलं, "चूक झाली का, गुरुजी?"

"झाली," ते म्हणाले. "पण कुठली, ते ठरत नाही."

जूनमध्ये हरेशची तिन्ही मुलं पिवळ्या बसमध्ये बसली. मागोमाग बाकीची घरं.

शाळा उघडण्याच्या आठवड्यात अधिकारी आले. तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. वर्गात बारकी आणि आणखी मोजकी मुलं. त्यांनी उभ्यानेच कागद वाचला. "विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हितास्तव सदर शाळेचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यात येत असून..." असं बरंच. गुरुजींनी मान हलवत पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "साहेब, आपलं गाव कुठलं?"

"यवतमाळकडचं."

"मग आधी घरचं होऊ द्या."

"म्हणजे?"

"हेच आपल्या आईला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतंत, तसं सांगा."

अधिकारी माझ्याकडे बघून हसले. मीही थोडी हसले असेन, संकोचाने. "गुरुजी, हे ऑफिसचं काम आहे."

"घाई नाही आम्हाला," गुरुजी म्हणाले. "पोरं बसतील."

मुलं बसलीच होती. हात बांधून, साहेबांच्या तोंडाकडे बघत. त्यांच्या दृष्टीने हा रोजचा तास होता आणि पाहुण्याची पाळी होती. अधिकाऱ्यांनी फाइल मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग खाली बघून म्हणाले, "गुरुजी, आता कसं सांगू तुमाले. शाया बंद होऊन रायली. पोरंच नाही रायले, तं काय करता. वरून कागद आला, माह्या हाती काही नाही. माह्या गावची बी अशीच गेली."

 मग त्यांनी वर बघितलं. नजर बारकीवर गेली. तिच्या पायांत चपला नव्हत्या आणि सकाळी वाडीवरून येताना लागलेला चिखल पोटऱ्यांवर वाळला होता. ते त्याच बोलीत म्हणाले, "हे पोरगी कुठं जाईन आता?"

कागदात हा प्रश्न नव्हता. कागद त्यांनी सगळा वाचून दाखवला होता.

"आता कळलं," गुरुजी म्हणाले. त्यांनी पाहुण्याची खुर्ची पुढे केली. "बसा. आधीच असं बोलला असतात तर उभं ठेवलं नसतं तुम्हाला." अधिकारी बसले. गुरुजींनी खिशातून शाळेची चावी काढली आणि त्यांच्या हातात दिली. मग बारकीला म्हणाले, "साहेबांना पाणी आण." सही वगैरे नंतर झाली.

गुरुजींची बदली डोंगराकडच्या एका शाळेत झाली. तिथूनच निवृत्त झाले. आता पनवेलला मुलीकडे असतात, सातव्या मजल्यावर. कानाला कमी येतं. कधी कधी फोन करतात. माझी, तुमची चौकशी करतात, आणि शेवटी दर वेळी विचारतात, "बारकी दिसली का, बाई?"

मी "नाही" म्हणत आले. ते खरंच होतं. पुलापलीकडच्या शाळेसाठी वाहनाची सोय कागदात लिहिलेली होती. रिक्षा काही दिवस आली, मग टेकडीपर्यंत येईनाशी झाली. दिवाळीनंतर वाडीतली माणसं भट्टीवर गेली, आणि त्या खेपेला आजीसुद्धा गेली. एवढं मला कळलं होतं.

गेल्या आठवड्यात रेवदंड्याच्या बाजारात गेले होते. शेवळं आली असतील म्हणून. ही रानातली भाजी आहे, थोडेच दिवस मिळते. कातकरी बाया विकायला बसतात, जुड्या बांधून, बरोबर काकडाची फळं देतात, नाहीतर घसा खाजतो. तुमच्या आईला फार आवडायची. मी वाकून जुडी उचलली आणि समोर बारकी. उंच झाली आहे. शेजारी आजी डुलकी घेत होती. रस्त्यात पिवळी बस अडकून हॉर्न वाजवत होती, त्यामुळे मला जरा मोठ्याने विचारावं लागलं.

"बारके, शाळेत जातेस का गं?"

तिने मला ओळखलं. ओळखलं म्हणजे काय, उठून सरळ उभी राहिली, हात बाजूला, वर्गात राहायची तशी. आधी ती तिच्या भाषेत बोलली. ती भाषा मला आजही येत नाही, तरी मी मान हलवत पूर्ण ऐकलं. मग ती म्हणाली, "नाही, बाई. मी शाळेत जात नाही."

मी काही बोलणार होते, पण तिचं संपलं नव्हतं. तिने एक श्वास घेतला.

"नो, बाई," ती म्हणाली. "आय डू नॉट गो टु स्कूल."

पूर्ण वाक्यात.